खुंट्या

पहिल्या वर्षी मी चोवीस खुंट्या ठोकल्या,
नारंगी तोंडाच्या,
सायखेड्याच्या पुढं, जिथं गोदावरी
डाव्या अंगावर कलते
आणि भोईवस्तीच्या कुशीत कोपर खुपसते.
नाशिकच्या ऑफिसातल्या नकाशावर तिथं
एक निळी रेघ होती, एक लाल.
मातीवर कुठलीच नव्हती.
होती फक्त ताजी दरड,
चिरलेल्या खरवसासारखी
ओली, थरथरती.

पंधरा दिवसांनी गेले
तर सहा खुंट्यांचे स्टंप झालेले.
"मॅडम, तुमची पूररेषा आउट!"
एक पोरगं ओरडलं.
हसले मी. मग वहीत लिहिलं:
सहा खुंट्या गहाळ.

दुसऱ्या वर्षी उरलेल्या अठरा
नदीनंच नेल्या.
सोबत चंद्रभान वाडिलेंचा गोठा,
हातपंपाचा ओटा
आणि लंकाबाईच्या अडीच एकरांतलं दीड.
सातबारा अजून अडीचचाच आहे.
तलाठी म्हणाला, पाण्याखाली गेली तरी
कागदावर जमीन जमीनच असते.
लंकाबाई म्हणाली,
मग कागदावर पेरू का?
तिच्या दिरानं, यमाजीनं, होडीतून बोट दाखवलं:
पलीकडच्या थडीला वाळूचा नवा पट्टा,
त्यावर कुणाचे तरी कलिंगडाचे वेल.
"ते बघा आमचं वावर.
तिकडं नांदायला गेलंय."

तिसऱ्या वर्षी मी खुंट्या नेल्याच नाहीत.
शाळेच्या ओट्यावर बाजरीच्या पिठानं
नदी काढली.
"एवढी सरळ नाही ती,"
ठकूबाईनं तळहातानं पुसून
तिला तिचं वळण परत दिलं.
मग सगळेच वाकले.
कुणी डोह दाखवला, कुणी बुडालेली चिंच,
कुणी एकोणसत्तरचा पूर कुठवर आला ते,
कुणी आठ सालचा.
यमाजी म्हणाला, नाशकात दुतोंड्या मारुतीच्या
छातीला पाणी लागलं की समजायचं,
आपली आजची झोप गेली.
हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.
लिहून घेतलं.

घरागणिक एक काडेपेटी.
सदतीस पेट्या पिठाच्या काठावर मांडल्या.
"आता सरकवा," मी म्हणाले.
कुणी हात लावेना.
बाहेर मोटारसायकल सुरू झाली, बंद पडली.
शेवटी ते स्टंपवालं पोरगं,
आता सातवीत,
"आधी शाळा हलवा, तेवढीच सुट्टी!" म्हणालं
आणि खडूचा डबा उचलून
पार बाभळीच्या पडीकात ठेवला.
तेव्हा कुठं पेट्या निघाल्या,
एकेक, शेजार न सोडता,
भांडण असलेल्या दोन सोडून.

ठराव झाला. काठाला वाळा आणि वाळुंज.
वळणावर जाळीत भरलेले दगड.
पडीकातली जागा गावठाणाला मागायची,
पण मासेमारीची वाट आधी आखायची,
कारण पाण्यापासून लांब गेलो
तर जाळी वाळत घालून बघत बसायचं का,
असं चंद्रभान दोनदा म्हणाले.
दोनदा लिहिलं.

छत्तीस पेट्या हलल्या.
लंकाबाईनं आपल्या पेटीतली काडी ओढून
बिडी शिलगावली
आणि पेटी होती तिथंच ठेवली,
नदीच्या पिठात अर्धी.

संध्याकाळी तिच्या उंबऱ्यापासून
कडेपर्यंत आम्ही चालत गेलो.
ती पुढं, लुगडं खोचून, मोठ्यानं मोजत.
तिची एक्केचाळीस झाली,
माझी छत्तीस.
वहीत कुठला आकडा लिहायचा
म्हणून मी थबकले.
खाली एक ढेकूळ सुटलं,
पाण्यात पडल्याचा आवाज
जरा उशिरानं आला.

परत येताना तिनं शेळीचा खुंटा हलवून हलवून उपटला,
घराच्या मागल्या अंगाला नेला
आणि दगडानं ठोकून बसवला.
शेळी नव्या जागी गोल फिरली,
दोर पुरतो का ते बघत.
पेटीचं ती काही बोलली नाही.
मीही विचारलं नाही.